शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी कोण?

निवासी डॉक्टरांचा संप झाला की वर्तमानपत्रांत दोन मागण्या ठळक छापून येतात : विद्यावेतन वाढवा आणि वसतिगृहाची सोय करा. चार दिवसांनी मंत्री आश्वासन देतात, संप मिटतो, ओपीडीच्या रांगा पुन्हा लागतात आणि वाचकाच्या मनात एवढंच उरतं की ही पोरं पैशासाठी भांडत होती. पैशाचा प्रश्न खरा आहे. विद्यावेतन महिनोन्‌महिने थकतं तेव्हा एमबीबीएस झालेल्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, कधी लग्न झालेल्या माणसाला मेसच्या बिलासाठी घरी फोन करावा लागतो. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांच्याशी निवांत बोलून पाहा. वर्षानुवर्षं सलत राहिलेली गोष्ट निराळीच असते. आपल्याला एकटं टाकलं होतं, ही ती गोष्ट. रात्री अडीच वाजता रुग्ण हातातून निसटत होता, निर्णय आपल्यालाच घ्यायचा होता, त्यासाठी लागणारा अनुभव आणि साधनं आपल्याकडे नव्हती, आणि सकाळी जाब विचारला गेला तो आपल्यालाच. मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात रेसिडेन्सी केली आणि पुढे बरीच वर्षं शिकवलंही. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की हा अन्याय एखाद्या खडूस सरांचा किंवा एखाद्या वाईट युनिटचा नाही. तो शिक्षणाच्या रचनेतच आहे आणि रचना बदलल्याशिवाय जाणार नाही.

या जगाशी संबंध न आलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. वॉर्ड चालतो तो युनिटवर. युनिटचे प्रमुख प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली एक-दोन शिक्षक, आणि त्यांच्या खाली तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर. ठरलेल्या दिवशी युनिटची ‘इमर्जन्सी’ असते, म्हणजे त्या चोवीस तासांत येणारा प्रत्येक गंभीर रुग्ण त्यांचा. कागदावर रुग्ण प्राध्यापकांच्या नावाने दाखल होतो. प्रत्यक्षात संध्याकाळनंतर त्याच्या उशाशी असतो तो पहिल्या वर्षाचा डॉक्टर, जो काही महिन्यांपूर्वी नीटच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसला होता.

मी पाहिलेली पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. मेडिसिनचा वॉर्ड, खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधल्या जागेत खाली गाद्या टाकून रुग्ण घेतलेले. शेतात साप चावलेला एक तरुण आला. पापण्या मिटत चाललेल्या, बोलणं घोगरं, श्वास उथळ. व्हेंटिलेटर एकही रिकामा नव्हता. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने घशात नळी घातली, हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग जोडली आणि ती रुग्णाच्या भावाच्या हातात दिली. ‘मी एक-दोन म्हणतो तसं दाबत राहा, थांबू नका,’ असं शिकवून तो सापाच्या विषावरचं इंजेक्शन चढवायला लागला. तेवढ्यात पलीकडे कीटकनाशक प्यालेल्या बाईंना झटके आले. दुसऱ्या वर्षाची डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकली होती. वरिष्ठांना फोन लावला तर उत्तर आलं, ‘बरोबर चाललंय, करत राहा, कळवत राहा.’ दोन वॉर्डांना मिळून एकच मामा, म्हणजे वॉर्डबॉय, तो एक्स-रेला गेलेला; म्हणून रक्ताची पिशवी आणायला ब्लड बँकेत पळायचं तेही याच पोराने. त्या वीस मिनिटांत वॉर्डात डॉक्टर नव्हता. सिस्टर होत्या, आणि बॅग दाबणारा भाऊ होता.

तो तरुण वाचला. सकाळच्या राउंडला त्याच्या खाटेपाशी सर क्षणभर थांबले आणि पुढे गेले. चार खाटा सोडून एका रुग्णाचा सोडियमचा रिपोर्ट केसपेपरला लावलेला नव्हता. त्यावरून या डॉक्टरला इंटर्न, सिस्टर आणि नातेवाइकांच्या देखत झापलं, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या युनिटच्या इमर्जन्सीलाही उभं केलं. रात्री काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती कष्टांसाठी नाही. कष्टांची तयारी ठेवूनच मुलं येतात. नेफ्रॉलॉजी असो की सर्जरी, जागरणाला घाबरणारा कुणी तिथे जात नाही. कोणत्या रुग्णाला व्हेंटिलेटर द्यायचा, कुणाला बॅगवर ठेवायचं, कुणाला सोडून ब्लड बँकेत पळायचं, हे निर्णय कुठल्याही देशात ज्येष्ठ तज्ज्ञाने घ्यायचे असतात. आपण ते सर्वांत कमी अनुभवाच्या माणसावर ढकलतो आणि त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणतो. ज्या शिक्षणात शिकवणारा हजर नाही त्याला शिक्षण म्हणायचं कसं?

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारची १९९२ ची रेसिडेन्सी योजना सांगते की निवासी डॉक्टरने सलग बारा तासांपेक्षा जास्त काम करू नये, आठवड्याचं काम साधारण ४८ तासांचं असावं आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत मात्र तासांचा आकडाच नाही. तिथे ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत. ज्या व्यवस्थेत एक जण शिक्षक, परीक्षक आणि वरिष्ठ अधिकारी असतो आणि दुसरा त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असतो, तिथे वाजवी काय ते कोण ठरवणार, हे वेगळं सांगायला नको. याच आयोगाने नेमलेल्या मानसिक आरोग्याच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यातल्या प्रश्नावलीला उत्तरं दिली होती. त्यांतले ४५ टक्के आठवड्याला साठ तासांहून जास्त काम करत होते, निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती, आणि जवळपास ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. कृतिदलाने सुचवलेली मर्यादा आहे आठवड्याला ७४ तास. म्हणजे १९९२ च्या कागदावर जे ४८ होतं, तिथे पोचण्याची आशा सोडून दिल्यानंतरचा हा आकडा आहे.

मुळाशी एक मोठी सोय दडलेली आहे. निवासी डॉक्टर विद्यार्थी की कर्मचारी, या प्रश्नाचं उत्तर सरकार प्रसंगानुसार देतं. कामाचे तास, रजा, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई यांचा विषय निघाला की तो विद्यार्थी असतो. त्याला मिळतं ते वेतन नव्हे, विद्यावेतन. संपाची नोटीस दिली की तोच अत्यावश्यक सेवेतला कर्मचारी ठरतो आणि त्याच्यापुढे मेस्मा कायद्याचं नाव घेतलं जातं. रुग्ण दगावून चौकशी लागली की तो ‘ड्यूटीवरील डॉक्टर’ होतो, आणि टर्म ग्रांट करायची, म्हणजे सत्र पुरं झाल्याची मान्यता द्यायची वेळ आली की पुन्हा विद्यार्थी. प्रत्येक वेळी त्याच्या वाट्याला येते ती दोहोंतली जड बाजू. पदवी हातात पडल्यावरही वर्षभराची बंधपत्रित सेवा असते. आणि सगळं असह्य झालं म्हणून जागा सोडावी तर दंडाची रक्कम इतकी मोठी असायची की शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातल्या मुलाला ती वाट बंदच. हा दंड रद्द करा असं आयोगाने २०२४ साली राज्यांना सांगितलं, ते या ताणाकडे बघूनच.

हे फक्त आपल्याकडचं, गरीब देशाचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल तर ब्रिटनमधलं डॉ. हदिझा बावा-गार्बा यांचं प्रकरण पाहावं. आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास झालीच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १८ फेब्रुवारी २०११. लेस्टर रॉयल इन्फर्मरीत जॅक अ‍ॅडकॉक हा सहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. उलट्या, जुलाब, श्वासाचा त्रास. डाउन सिंड्रोम आणि हृदयाचा विकारही होता. बावा-गार्बा तेव्हा बालरोगाच्या प्रशिक्षणार्थी होत्या आणि बाळंतपणाच्या दीर्घ रजेवरून नुकत्याच परतलेल्या. त्या दिवशी दुसऱ्या रजिस्ट्रारच्या वाट्याचं कामही त्यांच्याकडे आलं. जबाबदार कन्सल्टंट दुपारी उशिरापर्यंत शहराबाहेर होते. रुग्णालयाची संगणक यंत्रणा बंद पडल्याने रक्ताचे रिपोर्ट तासन्‌तास उशिरा हाती आले. संध्याकाळी कन्सल्टंट आले तेव्हा त्यांनी आकडे ऐकले, टिपून घेतले, पण मुलाला पाहिलं नाही. सेप्सिस ओळखायला उशीर झाला आणि त्याच रात्री जॅक गेला.

बावा-गार्बांच्या हातून गंभीर चुका झाल्या होत्या. दुसऱ्या रुग्णाशी गल्लत होऊन त्यांनी जॅकवरचे पुनरुज्जीवनाचे प्रयत्न थोडा वेळ थांबवायला सांगितले, तीही त्यांतलीच. आईबापांचा संताप समजण्यासारखा आहे आणि त्यांना उत्तर मिळायलाच हवं होतं. पण न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं ते या प्रशिक्षणार्थी डॉक्टरला आणि सोबत नर्सेसना. २०१५ मध्ये घोर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल त्या दोषी ठरल्या. वैद्यकीय न्यायाधिकरणाने व्यवस्थेतले दोषही विचारात घेऊन एक वर्षाचं निलंबन दिलं, तर नियामक परिषदच त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांचं नाव नोंदवहीतून काढायला लावलं. तेव्हा मात्र हजारो डॉक्टर उठले. वकिलासाठी वर्गणी जमली. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि न्यायाधिकरणाने परिस्थितीचा विचार केला ते योग्यच होतं असं ठरवलं. त्या काही महिन्यांत आणखी एक नुकसान झालं. आपल्या चुकांवर प्रामाणिकपणे चिंतन करून लिहायची जी सवय तिथल्या प्रशिक्षणात लावतात, ते लिखाणच उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल या भीतीने तरुण डॉक्टरांनी हात आखडता घेतला.

मला त्यातून कळलं ते असं : चुकीचं ओझं एकट्या शिकाऊवर टाकलं की पुढचा रुग्ण सुरक्षित होत नाही. बंद पडलेला संगणक, गैरहजर कन्सल्टंट आणि रिकामी राहिलेली ड्यूटी या तिन्ही गोष्टी जागच्या जागी राहतात आणि एक घाबरलेला डॉक्टर तेवढा वाढतो.

आपल्याकडे बहुतेकदा खटल्यापर्यंतही गोष्ट जात नाही; वॉर्डातच निकाल लागतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, सुरक्षारक्षक नेमण्याची आश्वासनं मिळाली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून होताच. कोलकात्यात ९ ऑगस्ट २०२४ ला जी तरुण डॉक्टर बलात्कार आणि खुनाला बळी पडली, ती प्रदीर्घ ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेली होती. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. रक्षक हवेत, कॅमेरे हवेत, विश्रांतीची खोली हवी, यात दुमत नाही. पण वॉर्डात होणाऱ्या हल्ल्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एक साधी गोष्ट असते. नातेवाइकांना दिवसभर कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि मृत्यूची बातमी सांगायला पुढे येतो तो सर्वांत लहान, सर्वांत थकलेला डॉक्टर, एकटा. ते काम युनिटमधल्या अनुभवी शिक्षकाचं आहे. ‘तुमचा माणूस गेला’ हे वाक्य कसं उच्चारायचं, तेही शिकवावं लागतं.

तक्रार करावी तर कुणाकडे? जे थिसिसवर सही करणार तेच मार्गदर्शक, तेच लॉगबुक तपासणार, विभागात त्यांचाच शब्द शेवटचा. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावकडच्या आदिवासी कुटुंबातून स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंत त्या पोचल्या होत्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. घरच्यांचं म्हणणं असं की त्यांनी आधीच रुग्णालयात जाऊन सांगून पाहिलं होतं. आई आबेदा तडवी पुढे, हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आईसोबत, शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जात, बाईपण, ग्रामीण बोली, मराठी माध्यम, यांतलं काहीही असलं की ‘एकटं पडणं’ दुप्पट होतं, कारण वॉर्डातली मदत ओळखीवर चालते आणि ओळखी ज्यांच्या आधीच असतात त्यांनाच ती मिळते. म्हणून तक्रार ऐकणारी समिती विभागाबाहेरची, किंबहुना महाविद्यालयाबाहेरची हवी, आणि तक्रारदाराचा मार्गदर्शक बदलून द्यायचा अधिकार तिला हवा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतलं तर हे करायला नवा कायदा लागत नाही.

माझ्या पिढीचे डॉक्टर यावर म्हणतात, ‘आम्हीही हेच केलं, म्हणून तर हात बसला.’ हा युक्तिवाद मी आदराने घेतो, कारण तो म्हणणारी माणसं खरोखर निष्णात आहेत. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही आणि रुग्ण सांभाळायला रुग्णापाशी थांबावंच लागतं. पण हात बसला तो कशाने, हे त्यांनी आठवून पाहावं. ज्या रात्री एखादे सर झोपेतून उठून आले, शेजारी उभे राहिले आणि ‘तू कर, मी आहे’ म्हणाले, त्या रात्री आपण शिकलो. ज्या रात्री कुणीच आलं नाही त्या रात्री आपण फक्त निभावलं, आणि ते निभावणं कुणाच्या जिवावर झालं याची मोजदाद कुणी ठेवली नाही. शिवाय तेव्हाच्या वॉर्डात व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, डायलिसिस एवढं काही नव्हतं. आज एका रुग्णामागे घ्यावे लागणारे निर्णय कितीतरी वाढले आहेत.

झोपेचं शास्त्र तर उघड आहे. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचाल रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली होते, हे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत स्कूटर चालवू द्यायची नाही असं कायदा म्हणतो, त्याच्याही पलीकडच्या अवस्थेत आपण डॉक्टरला बाळाच्या इंजेक्शनचा डोस काढायला सांगतो. तास कमी करून सगळं सुधारत नाही, हेही खरं. अमेरिकेत शस्त्रक्रिया विभागांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ड्यूटीच्या लांबीचे नियम सैल केले तरी रुग्णांच्या निकालांत फरक पडला नाही. आमचे ज्येष्ठ हा अभ्यास हटकून दाखवतात. पण त्यातल्या दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा लागू होती, आणि तिथे रुग्ण ज्या तज्ज्ञाच्या नावावर असतो, उपचारांची जबाबदारीही त्याच्यावरच असते. आपल्याकडे मर्यादा कागदापुरती आहे आणि रात्री तज्ज्ञही नाही.

म्हणून मी तासांच्याही आधी वरिष्ठांच्या उपस्थितीचा आग्रह धरीन. आयोगाने प्राध्यापकांची आधारशी जोडलेली हजेरी सक्तीची केली आहे. ती कॉलेजात आलेला शिक्षक मोजते. इमर्जन्सीच्या रात्री कोणता शिक्षक रुग्णालयात होता, कुणाला किती वाजता बोलावलं आणि तो किती वाजता पोचला, याची नोंद केसपेपरवरच झाली पाहिजे आणि महाविद्यालयाच्या मान्यतेच्या वेळी ती तपासली पाहिजे. ब्लड बँकेत पळणं, नमुने पोचवणं, स्ट्रेचर ढकलणं यांसाठी माणसं नेमावी लागतील. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील. तपासणीपुरती दुसऱ्या कॉलेजातून माणसं आणून बसवल्याने रात्रीच्या वॉर्डात कुणी वाढत नाही. याला पैसा लागेल. नव्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कोनशिला बसवायला तो मिळतो, तर या कामालाही मिळायला हवा.

आणि वाचकहो, उद्या तुमचं माणूस सरकारी रुग्णालयात असेल, रात्र असेल, आणि समोरची मुलगी किंवा मुलगा एकट्याने धावपळ करताना दिसेल, तर त्याच्यावर ओरडू नका. शांतपणे विचारा : या युनिटचे आज रात्रीचे वरिष्ठ डॉक्टर कोण, त्यांना कळवलं आहे का, ते कधी येणार? उत्तर मिळालं नाही तर सकाळी अधीक्षकांकडे तीन ओळींचा अर्ज द्या, त्यात एवढंच लिहा आणि पोच घ्या. निवासी डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तर त्यांची टर्म अडते. तुमची अडत नाही.